एकीला क्षणात तलाक, दुसरीला जन्मभर सुटका नाही: ख्रिस्ती आणि मुस्लिम मूलतत्त्ववादी नेमके कुठं सारखे, कुठं वेगळे?

फेसबुकवर काही वाद कधीच शिळे होत नाहीत. त्यातलाच एक म्हणजे, "कट्टर कोण जास्त, ख्रिश्चन की मुस्लिम?" कुणीतरी अफगाणिस्तानातल्या मुलींच्या बंद शाळांचा फोटो टाकतो. त्याखाली दुसरा येऊन अमेरिकेतल्या गर्भपातबंदीची बातमी चिकटवतो. तिसरा दोघांनाही शिव्या घालतो. दोनशे कमेंट पडतात आणि हाती काहीच लागत नाही.

आता यात गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर शोधायला काबूलला किंवा टेक्सासला जायची गरजच नाही. ते महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या हायकोर्टात, पुण्याच्या एका छोट्या संघटनेत, जळगावच्या सिनेमा थिएटरसमोर आणि आमच्या जेऊरवरून पुण्याला जाताना लागणाऱ्या केडगावात.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करू. रोज नमाज पढणारा प्रत्येक जण किंवा रविवारी चर्चला जाणारा प्रत्येक जण मूलतत्त्ववादी नसतो. २०२० साली उस्मानाबादला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे कॅथलिक धर्मगुरूच होते. वसईचा हिरवा पट्टा वाचवायला ते रस्त्यावर उतरले होते. श्रद्धाळू असणं वेगळं, मूलतत्त्ववादी असणं वेगळं.

मग मूलतत्त्ववादी म्हणजे कोण?

आज 'फंडामेंटलिस्ट' म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यासमोर दाढीवाला मौलाना येतो. पण हा शब्द जन्माला आला तो अमेरिकेतल्या प्रोटेस्टंट ख्रिश्चनांमध्ये.

१९१० ते १९१५ या काळात अमेरिकेत 'द फंडामेंटल्स' नावाची पुस्तिकांची एक मालिका निघाली. डार्विनचा उत्क्रांतिवाद आणि बायबलची ऐतिहासिक चिकित्सा यामुळं धर्म पातळ होतोय, म्हणून श्रद्धेची मूळ तत्त्वं घट्ट धरा, असा तिचा सूर होता. १९२० साली कर्टिस ली लॉज नावाच्या बाप्टिस्ट संपादकानं या मूळ तत्त्वांसाठी लढणाऱ्यांना 'फंडामेंटलिस्ट' म्हटलं. तेव्हा ही शिवी नव्हती, लोक अभिमानानं स्वतःला तसं म्हणवून घ्यायचे. १९७९ च्या इराणी क्रांतीनंतर हाच शब्द मुस्लिमांसाठी सर्रास वापरला जाऊ लागला.

साध्या भाषेत सांगायचं तर मूलतत्त्ववाद्याच्या तीन खुणा. ग्रंथातलं अक्षर न् अक्षर आजही जसंच्या तसं लागू आहे, त्याचा अर्थ लावायचा हक्क ठरावीक लोकांनाच आहे, आणि तो अर्थ न मानणाऱ्यालाही तो पाळायला लावला पाहिजे. तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. कारण पहिल्या दोन खुणा माणसाच्या घरात राहतात, तिसरी दुसऱ्याच्या घरात शिरते.

दोन बायका, दोन धर्म, एकच कोंडी

आता मुद्द्याला येऊ. दोन्हीकडच्या सामाजिक मूल्यांची तुलना करायची तर घटस्फोटाइतकं चांगलं उदाहरण दुसरं नाही.

१८ एप्रिल १९६६. मुंबईत सात मुस्लिम महिलांचा एक मोर्चा विधानभवनावर गेला. होय, फक्त सात. त्यांना घेऊन निघाले होते चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेले लेखक हमीद दलवाई. मागणी होती तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करण्याची. नवऱ्यानं एका दमात तीनदा 'तलाक' म्हटलं की संसार संपला, ना कोर्ट, ना कारण, ना बायकोचं म्हणणं, हे चालणार नाही, असं त्या बायका सांगत होत्या. पुढं २२ मार्च १९७० रोजी दलवाईंनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं. नाव अर्थातच महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजावरून घेतलेलं.

आता त्याच मुंबईतल्या ख्रिस्ती बाईचं बघा. तिच्या घटस्फोटाला इंग्रजांनी केलेला १८६९ चा कायदा लागू होता. त्या कायद्यात नवऱ्यानं बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की त्याला घटस्फोट मिळायचा. बायकोला मात्र नुसता व्यभिचार पुरायचा नाही. त्याला जोड लागायची. व्यभिचार अधिक क्रूरता, किंवा व्यभिचार अधिक दोन वर्षं टाकून देणं. म्हणजे नवरा रोज मारतोय पण दुसऱ्या बाईकडं जात नाही, तर घटस्फोट नाही. तो दुसऱ्या बाईकडं जातोय पण मारत नाही, तरीही नाही. दोघांनी मिळून ठरवलं की आपलं जमत नाही, शांतपणे वेगळं होऊ, तर त्याचीही सोय नव्हती.

हा कायदा १२८ वर्षं तसाच टिकला. १९९७ साली वर्गीस खटल्यात मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं सांगितलं, की ही 'जोड' मागणं घटनाबाह्य आहे आणि क्रूरता किंवा टाकून देणं हे एकेकटं कारणही पुरेसं आहे. २००१ मध्ये संसदेनं कायदाच बदलला, नवरा-बायकोला समान कारणं दिली आणि संमतीनं घटस्फोटाची वाटही खुली केली.

वरवर पाहिलं तर या दोन अडचणी अगदी उलट्या आहेत. एकीचं लग्न क्षणात मोडत होतं, दुसरीचं मोडता मोडत नव्हतं. पण नीट बघा. दोन्हीकडं दार होतं आणि दोन्हीकडं किल्ली नवऱ्याच्या हातात होती. हा या विषयाचा गाभा आहे. नियम वेगवेगळे असतात, पण ते कुणाच्या सोयीचे आहेत हे पाहिलं की दोन्ही बाजू शेजारी शेजारी येऊन बसतात.

बाईनं काय करावं, हे कोण ठरवणार?

जेऊरवरून पुण्याची गाडी पकडली की दौंड सोडल्यावर केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन इथलंच. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे आपण शाळेत वाचतो. पण पुढं काय झालं हे फारसं सांगितलं जात नाही.

रमाबाई चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात होत्या. तिथं त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावं असा विचार पुढं आला, तेव्हा भारतातल्या इंग्रज बिशपांनी हरकत घेतली. बाईनं पुरुषांना शिकवणं त्यांना पटलं नाही. रमाबाईंनी ते ऐकून घेतलं नाही. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्यांनी साफ सांगितलं, की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटल्यावर दुसऱ्या पुरोहितवर्गाचं जोखड मानेवर घ्यायची माझी तयारी नाही. ज्या धर्मात त्या मोठ्या श्रद्धेनं गेल्या, त्याच धर्मातल्या अधिकाऱ्यांना त्यांनी हे सुनावलं.

आता मुस्लिम बाजू. ज्यांच्या लिखाणाचा जगभरच्या इस्लामी चळवळींवर मोठा प्रभाव पडला ते अबुल आला मौदूदी १९०३ साली आपल्याच औरंगाबादला जन्मले. जमात-ए-इस्लामीचे संस्थापक. त्यांनी पडद्यावर एक आख्खं पुस्तक लिहिलं आहे. बाईचं मुख्य कार्यक्षेत्र घर, आणि स्त्री-पुरुषांचं मोकळं मिसळणं हे समाज बिघडण्याचं कारण, असा त्यातला विचार. मूळ इंग्रजी असो वा उर्दू, बाईच्या जागेबद्दल त्या काळातले बिशप आणि मौदूदी फार लांब उभे नव्हते.

हा विचार पुस्तकात राहत नाही, गल्लीत उतरतो. १९८२ साली जळगावात मुस्लिम बायकांनी सिनेमा बघायचा नाही असा फतवा निघाला. रझिया पटेल या तरुण कार्यकर्तीनं त्याविरुद्ध आंदोलन उभं केलं. सिनेमा पाप आहे असं मानणारे फक्त तिथंच होते असं नाही. १९३४ साली अमेरिकेत कॅथलिकांनी 'लीजन ऑफ डीसेन्सी' काढली होती आणि तिच्या सभासदांकडून असभ्य सिनेमे न बघण्याची शपथ घेतली जायची. फरक इतकाच, की तिथं शपथ सगळ्यांना होती आणि इथं बंदी फक्त बायकांना होती.

प्रार्थनास्थळाचंही तेच. मुंबईच्या हाजी अली दर्ग्यात मजारीपर्यंत जायला बायकांना बंदी झाली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या कार्यकर्त्या हायकोर्टात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये जिंकल्या आणि नोव्हेंबरमध्ये बायका पुन्हा आत गेल्या. कॅथलिक चर्चमध्ये बायकांना कुठंही जाता येतं, पण धर्मगुरू होता येत नाही. १९९४ साली पोपनी हा विषय कायमचा बंद केल्याचं जाहीर केलं. उलट १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात महिला पाळक होतात. म्हणजे 'ख्रिश्चन असं मानतात' हे वाक्यच मुळात अर्धवट आहे.

कर्व्यांची नोकरी का गेली?

संततिनियमनाच्या बाबतीत एक मराठी किस्सा सांगायलाच हवा. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणित शिकवायचे. कॉलेज ख्रिस्ती मिशनऱ्यांचं. कर्वे उघडपणे संततिनियमनाचा प्रचार करायला लागले, ते व्यवस्थापनाला रुचलं नाही आणि १९२५ साली त्यांना राजीनामा द्यावा लागला. दोन वर्षांनी, जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केलं. पुढं त्यांना हिंदू सनातन्यांनी कोर्टात खेचलं, हा भाग आपल्याला माहीत असतो. पहिला फटका मात्र मिशनऱ्यांकडून बसला होता.

मजा म्हणजे अवघ्या पाच वर्षांत, १९३० साली, अँग्लिकन चर्चनं काही परिस्थितीत संततिनियमन चालेल असं मान्य केलं. कॅथलिक चर्चनं १९६८ साली पुन्हा 'नाही' म्हटलं. इस्लाममध्ये तर जुन्या काळातल्या अनेक धर्मशास्त्रींनी काही प्रकारचं संततिनियमन चालतं असं लिहून ठेवलंय आणि १९८९ नंतर धर्मगुरूंचं राज्य असलेल्या इराणनं मोठी कुटुंबनियोजन मोहीम राबवली. त्यामुळं 'कट्टर मुस्लिम म्हणजे कुटुंबनियोजनाला विरोध' हे समीकरण इराणमध्येच कोलमडतं.

एकमेकांचे शत्रू, पण कोर्टात एका बाजूला

ग्रंथ वेगळे, देव वेगळे, इतिहासात एकमेकांशी युद्धं. तरी काही विषय असे आहेत की हे सगळे एकाच बाकावर दिसतात.

२००९ साली दिल्ली हायकोर्टानं कलम ३७७ मधून समलिंगी संबंध वगळले. त्याविरुद्ध सुप्रीम कोर्टात कोण गेलं? ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड, अपोस्टोलिक चर्चेस अलायन्स, उत्कल ख्रिश्चन कौन्सिल, आणि त्यांच्या सोबतीला क्रांतिकारी मनुवादी मोर्चा. २०१३ साली ते जिंकले, २०१८ साली तो निकाल उलटला. इथंही छटा आहेत. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी भूमिका मांडली होती, की चर्चला समलिंगी लग्न मान्य नाही, पण या लोकांना गुन्हेगार ठरवणंही मान्य नाही.

जगाच्या पातळीवरही हेच घडलंय. १९९४ साली कैरोत संयुक्त राष्ट्रांची लोकसंख्या परिषद झाली, तेव्हा गर्भपाताच्या मुद्द्यावर व्हॅटिकन आणि काही मुस्लिम देश एकाच सुरात बोलत होते.

आणि २००६ साली 'द दा विंची कोड' सिनेमा आला. मुंबईत कॅथलिक संघटनांनी विरोध केला, उपोषण झालं. मुंबईतल्या सुन्नी उलेमांच्या संघटनेनं त्यांना पाठिंबा दिला. कारण येशू म्हणजे इस्लाममध्येही पैगंबर.

'भावना दुखावल्या'ची दोन प्रकरणं

यापुढची जोडी सोशल मीडिया वापरणाऱ्या प्रत्येकानं लक्षात ठेवावी अशी आहे.

२०१२ मध्ये मुंबईच्या विलेपार्ले भागात एका चर्चजवळच्या क्रूसातून पाणी ठिबकायला लागलं. लोक तीर्थ म्हणून ते पाणी नेऊ लागले. बुद्धिवादी कार्यकर्ते सनल एडामारुकू यांनी तपासून सांगितलं, की जवळच्या निचऱ्याचं पाणी भिंतीतून वर चढतंय, दिव्यात वात तेल ओढते तसं. त्यांच्यावर कलम २९५-अ खाली तक्रारी झाल्या. ते फिनलंडला गेले आणि तिथंच राहिले.

२०१५ च्या जानेवारीत मुंबईच्या 'अवधनामा' या उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी 'शार्ली एब्दो'चं मुखपृष्ठ बातमीसोबत छापलं. त्यांनी माफी मागितली, तरी गुन्हे दाखल झाले. कलम तेच, २९५-अ. अटक झाली, जामीन मिळाला, पण पेपरची मुंबई आवृत्ती बंद पडली.

दोन धर्म, एकच शहर, एकच कलम. एकानं विज्ञान सांगितलं, दुसरीनं बातमी छापली. चूक-बरोबर यावर चर्चा होऊ शकली असती. पण चर्चेच्या आधीच एकाचा देश सुटला आणि दुसरीची नोकरी गेली.

मग फरक काहीच नाही का?

आहे. तीन ठळक फरक आहेत.

पहिला, हुकूम कुणाचा? कॅथलिकांमध्ये उतरंड आहे. पोप, बिशप, फादर. वरून निर्णय आला की तो जगभर लागू. मुस्लिमांमध्ये पोप नाही. एकाच बैठकीतला तिहेरी तलाक हनफी उलेमा वैध धरत होते, पण शिया आणि अहले हदीस तो तसा मानतच नव्हते. त्यामुळं बदल करायचा तर कॅथलिकांमध्ये एक मोठं कुलूप उघडावं लागतं आणि मुस्लिमांमध्ये शंभर छोटी.

दुसरा, लग्न म्हणजे काय? कॅथलिकांसाठी ते देवासमोर बांधलेलं पवित्र बंधन, म्हणून सुटत नाही. इस्लाममध्ये निकाह हा करार, त्यात मेहर ठरते आणि तो मोडताही येतो. विधवेचं किंवा तलाक झालेल्या बाईचं पुन्हा लग्न हा तिथं धर्माचा प्रश्न कधीच नव्हता. वारसाहक्कात मात्र चित्र उलटतं. मुस्लिम मुलीला ठरलेला वाटा आहे, पण मुलाच्या निम्मा. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या कायद्यानं भावाइतकाच वाटा मिळतो. केरळच्या त्रावणकोर भागातल्या ख्रिस्ती मुलींना मात्र तो मिळवायला मेरी रॉय यांना सुप्रीम कोर्टात जावं लागलं आणि १९८६ साली निकाल लागला.

तिसरा आणि सगळ्यात मोठा, सत्ता कुणाच्या हातात? विचार सारखे असले तरी परिणाम सारखे नसतात. तालिबाननं २०२१ पासून मुलींचं माध्यमिक शिक्षणच बंद केलं, कारण त्यांना अडवणारं कोर्ट नाही, संसद नाही, पेपर नाही. अमेरिकेतल्या ख्रिस्ती पुराणमतवाद्यांना गर्भपाताचा हक्क काढून घ्यायला जवळपास पन्नास वर्षं लागली. २०२२ मध्ये त्यांना हवा तो निकाल मिळाला, तरी प्रत्येक राज्यात भांडण चालूच आहे. मुलींची शाळा बंद होणं आणि कोर्टात खटला चालू असणं, या दोन गोष्टी एका तराजूत टाकता येत नाहीत. पण या फरकाचं श्रेय मूलतत्त्ववाद्यांच्या चांगुलपणाला जात नाही, ते कायद्याला आणि संस्थांना जातं.

भारतात हे दोन्ही समाज अल्पसंख्य आहेत, म्हणून इथल्या मूलतत्त्ववाद्यांची मागणी असते, 'सरकारनं आमच्यात पडू नये'. १९७२ च्या डिसेंबरात मुंबईत झालेल्या अधिवेशनातून मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची पायाभरणी झाली ती याच मुद्द्यावर. जिथं हेच लोक बहुसंख्य असतात, तिथं मागणी होते, 'सरकार आमच्या धर्मानं चालावं'. आणि हे वाचून कुणी हिंदू वाचक मिशीत हसत असेल तर त्यानं हिंदू कोड बिल आठवावं. मुलींचा वारसा आणि घटस्फोट यांना इतका विरोध झाला, की ते रखडल्यावर १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं.

हे बदलतं कसं?

इथं आपल्या सोलापूरचंही नाव घ्यायला हवं. पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात भरलं आणि त्यामागं प्राध्यापक फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारखी माणसं होती. आम्ही मुस्लिम आहोत आणि मराठीही आहोत, आमच्या प्रश्नांवर आम्हीच बोलणार, असं सांगणारं ते व्यासपीठ. दलवाईंचे सगळे मुद्दे बेन्नूरांना मान्य नव्हते, पण बोलण्याची जागा दोघांनाही हवी होती.

दलवाई १९७७ मध्ये वयाच्या अवघ्या ४४ व्या वर्षी गेले. पुण्याचे सय्यदभाई मंडळाचं काम करत राहिले, त्यांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली. सात बायकांनी १९६६ साली जे मागितलं, त्यातली एका दमातल्या तीन तलाकवरची बंदी सुप्रीम कोर्टानं २२ ऑगस्ट २०१७ रोजी दिली, तीही ३ विरुद्ध २ अशा निकालानं. ५१ वर्षं लागली.

ख्रिस्ती घटस्फोट कायदा तुलनेनं शांतपणे बदलला. कारण ख्रिस्ती महिला संघटनांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि शेवटी चर्चनंही बदलाला हात दिला. जिथं धर्मसंस्था सोबत आली तिथं भांडण कमी झालं, जिथं ती आडवी आली तिथं पन्नास वर्षं गेली.

सुधारकांची खरी पंचाईत इथंच होते. आतले लोक म्हणतात, 'घरची भांडणं बाहेर नेता.' बाहेरचे लोक त्यांचं म्हणणं उचलतात आणि आख्ख्या समाजाला झोडपायला वापरतात. मग आतले लोक आणखी घट्ट मिटतात आणि फायदा होतो तो मूलतत्त्ववाद्यांचा.

थोडक्यात काय?

पुढच्या वेळी ग्रुपवर असा मेसेज आला, की फॉरवर्ड करायच्या आधी तीन गोष्टी बघा. हे एका मौलानाचं किंवा पाळकाचं मत आहे की सगळ्या समाजाचं? या नियमाचा त्रास नेमका कुणाला होतोय? आणि त्याच समाजातलं कुणी त्याविरुद्ध बोलतंय का?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा 'हो' असतं. फॉरवर्ड करायचंच असेल तर त्या माणसाचं म्हणणं करा. १९६६ साली त्या सात जणींकडं व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, आपल्याकडं आहे.